ओहोळबाईंची साक्ष

हिवाळेसाहेब पाळकांना घेऊन आमच्या दारात आले तेव्हा आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. रविवारची दुपार होती. उपासना आटोपून आम्ही दोघी नुकत्याच घरी आलो होतो.

"सलाम, ओहोळबाई," हिवाळेसाहेब म्हणाले.

"सलाम. या ना, बसा."

आईनं सूप बाजूला सारलं, पदरानं बाक पुसलं. मी आतून पाहत होते. हिवाळेसाहेब आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चच्या कारभारातले, वडील. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. देवळातलं पहिलं बाक त्यांचं. त्यांचा मुलगा वसंत. त्याच्याशी माझा साखरपुडा झाला होता, म्हणून मी बाहेर न जाता आतूनच चहाचं आधण ठेवलं.

बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग लोंढे पाळक खाकरले.

"बाई, गुरुवारी तुमची साक्ष आहे."

"हो. समन्स आलंय."

"मी तुम्हाला खोटं बोला असं सांगायला आलो नाही," हिवाळेसाहेब म्हणाले. "तुम्हाला तसं सांगायची कुणाची छाती आहे? मी एवढंच म्हणतो, संध्याकाळ होती. उजेड कमी. तुम्ही लांब होतात. माणसाला सगळं नीट दिसतंच असं नाही."

"मी वीस पावलांवर होते, साहेब."

"वसंताची नेमणूक झालीय. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. शिक्षा झाली तर नोकरी गेली. आणि मग," ते थांबले आणि दाराकडे बघून म्हणाले, "मग मी कुणाच्या मुलीला माझ्या घरात कोणत्या तोंडानं आणू?"

पाळक म्हणाले, "मेलेला काही परत येत नाही, बाई. जिवंत माणसांचाही विचार करावा लागतो. मंडळीच्या अब्रूचाही."

"मी जे पाहिलं ते सांगेन, पाळकसाहेब," आई म्हणाली. "त्याहून जास्त नाही, कमी नाही."

मी चहा घेऊन बाहेर गेले. दोघांनीही कप हातात घेतले नाहीत. फाटकाशी गेल्यावर हिवाळेसाहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कीव केल्यासारखं.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट होती ती. आमच्या मिशन कंपाउंडपासून पाटापर्यंत कच्चा रस्ता होता. त्या पाटावरून भागुजी बर्डे कावडीनं शाळेचं पाणी आणायचा. पंधरा वर्षं तो हे काम करत होता. आई त्याच शाळेत चौथीची शिक्षिका. एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या बेताला, आई एका आजारी म्हातारीला भेटून पायी घरी येत होती. समोर रस्त्याच्या कडेनं भागुजी भरली कावड घेऊन चालला होता. तेवढ्यात वसंताची जीप आली. भागुजी उडून बाभळीच्या बुंध्याशी पडला. वसंत जीप घेऊन पुढे गेला. आईनं आरडाओरडा करून एक बैलगाडी थांबवली आणि भागुजीला मांडीवर घेऊन ती दवाखान्याकडे निघाली. सव्वा तास लागला. दवाखान्याची पाटी दिसायच्या आधीच तो गेला.

हवालदारानं चार ओळींचा जबाब घेतला. 'जीपची धडक लागताना पाहिली' एवढंच त्यात होतं. "बाकीचं कोर्टात सांगा, बाई," तो म्हणाला. वसंतानं जीप आपली होती हे नाकारलं नाही. त्याचं म्हणणं असं, की भागुजी झोकांड्या देत मधे आला, आणि आपण मदत आणायला म्हणून पुढे गेलो. दुसरा साक्षीदार नव्हता. सगळी केस आईच्या जिभेवर येऊन थांबली होती.

आणि आईच्या जिभेची ख्याती गावभर होती. शाळेत पाच मिनिटं उशीर झाला तर हेडमास्तरांनी न विचारता ती स्वतःच मस्टरवर उशीर लिहायची. बाजारात दोन माणसांची हुज्जत लागली तर कुणीतरी म्हणायचं, "चला ओहोळबाईंकडं." ती ख्रिस्ती, ते मराठा, माळी, मुसलमान, पण तिनं सांगितलं की तंटा मिटायचा. सगुणा तिचं नाव. मिशनरी मडमांनी तिचं पाळण्यातलं नाव बदलायला सांगितलं होतं, पण माझ्या आजोबांनी बदललं नाही. लोक म्हणत, नाव राखलं बाईनं.

त्या नावाची किंमत कुणी भरली ते मला माहीत आहे.

लहानपणी मला आकडी यायची. बाराव्या वर्षी थांबली ती कायमची. मी वीस वर्षांची असताना सोलापूरचं एक स्थळ आलं. सगळं ठरलं. उठता उठता मुलाच्या आईनं सहज विचारलं, "प्रकृती चांगली असते ना मुलीची?" आणि माझ्या आईनं सांगितलं. आठवड्यात पत्र आलं, नकाराचं. तेविसाव्या वर्षी दुसरं स्थळ आलं. तेव्हा तर कुणी विचारलंही नव्हतं. आईच आपणहून म्हणाली, "एक गोष्ट तुमच्या कानावर घातलेली बरी." तेही गेलं. मग तीन वर्षं कुणी आलंच नाही. माझ्या मैत्रिणींची मुलं चालायला लागली. देवळात बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या.

वसंताच्या घरी आकडीचं आधीपासून माहीत होतं, एकाच मंडळीतले आम्ही. तरी त्यांनी मला मागणी घातली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. साखरपुड्याच्या दिवशी मी देवाचे आभार मानले ते तोंडदेखले नव्हते.

पाहुणे गेल्यावर आईनं पुन्हा सूप पुढे ओढलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय सांगणार आहेस गुरुवारी?"

"बस खाली."

"बसत नाही. सांग मला."

आईनं तांदळातून बोटं फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सलू, तुला मी सगळं सांगितलेलं नाही. जीप थांबली होती."

मला कळलं नाही.

"थांबली होती गं. पाच-पन्नास पावलं पुढे जाऊन. वसंत उतरला. मागे आला. भागुजी तेव्हा जिवंत होता. त्यानं हात वर केला, असा. वसंतानं वाकून पाहिलं. मी पळत येत होते, ओरडत होते, 'वसंत, जीपमध्ये घाल त्याला!' मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि परत जाऊन जीपमध्ये बसला."

ओट्यासमोर कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर वाचला असता. जीपनं दहा मिनिटांचा रस्ता आहे तो. आता तू सांग, मी काय सांगू कोर्टात? आणि तू त्या माणसाशी लग्न करणार आहेस? मी तर सहा महिने वाट बघतेय, की तो स्वतः येऊन कबूल करील."

कुणीही शहाणी मुलगी त्या क्षणी बोटातली अंगठी काढून ठेवती. मी तसं केलं नाही. मला भागुजीचा हात दिसला नाही. मला ते सोलापूरचं पत्र दिसलं.

"तो घाबरला असेल," मी म्हणाले.

"घाबरला असेल. मीही घाबरले होते."

"तुझं खरं नेहमी माझ्याच अंगावर येतं, आई. तुझं काही जात नाही. लोक तुला सलाम करतात आणि मी घरात बसून राहते."

तिचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "मग काय करू? देवासमोर शपथ घेऊन खोटं बोलू? त्या हौसाबाईच्या तोंडावर?" हौसाबाई भागुजीची बायको.

"बोल."

"ते माझ्याच्यानं होणार नाही, सलू. तू दुसरं काहीही माग."

मी आत गेले. तासभर खाटेवर पडून राहिले. मग उठून बाहेर आले. आईचे तांदूळ निवडून झाले होते, पण ती तिथंच बसली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आई, मला दिवस गेलेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही, तिनं मला मारलं नाही. कुणाचं, हेही विचारलं नाही. फक्त तिचा हात माझ्या डोक्याकडे आला आणि मधेच थांबला.

"किती?"

"दोन महिने होतील."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. तू कुणाला सांगू नकोस. त्यांच्या घरात कळलं तर मला उभी करणार नाहीत. लग्न झालं की आपोआप निभावेल."

ती म्हणाली, "लेकराचा काय दोष?" ते ती माझ्याशी बोलली की स्वतःशी, मला कळलं नाही. ती उठून आत गेली. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती रोज मोठ्यानं प्रार्थना करायची. त्या दिवशी ओठ नुसते हलले.

गुरुवारी कोर्टात गर्दी होती. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, प्रभुभोजनाच्या रविवारी नेसायची ते. पिंजऱ्याशेजारचा कारकून तिचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं उठून स्वतःची खुर्ची तिला दिली. मागच्या बाकावर हौसाबाई बसली होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. आईला पाहून तिच्या जिवात जीव आल्यासारखा दिसला. शेजारच्या बाईला ती म्हणाली, मी ऐकलं ते, "आता बाई सांगत्याल सगळं."

ईश्वरासमक्ष खरं सांगेन, असं आई म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

सरकारी वकिलांनी विचारलं, "बाई, जीप रस्त्याच्या कोणत्या बाजूनं येत होती?"

"आपल्या बाजूनं."

वकिलांनी कागदावरून वर पाहिलं. "आणि मयत?"

"मधे आला."

"मधे म्हणजे?"

"रस्त्याच्या मधे. त्याचा तोल जात होता."

"तो दारू प्यायला होता असं तुमचं म्हणणं आहे?"

आईनं कठड्याला धरलं. "तोल जात होता. ते मी पाहिलं."

"धडकेनंतर जीप थांबली?"

आईची नजर पूर्ण खोलीवरून फिरली आणि माझ्यावर येऊन स्थिरावली. माझ्या तोंडावर नाही. माझ्या पोटावर. मी नकळत पदर पुढे घेतला.

"थांबायला वेळच नव्हता. मदत आणतो असं ओरडून तो पुढे गेला."

वसंताच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. निकालात मॅजिस्ट्रेटनं लिहिलं, की या साक्षीदाराच्या सचोटीबद्दल उभ्या तालुक्यात दुमत नाही आणि तिच्या शब्दावर अविश्वास ठेवायला न्यायालयाला कारण दिसत नाही. हिवाळेसाहेबांनी तो कागद आपल्या घरी चारदा वाचून दाखवला.

निकालानंतरच्या सोमवारी मी आईचा डबा घेऊन शाळेत गेले होते. मधली सुट्टी झाली होती. आई वर्गाच्या पायरीवर उभी होती. हौसाबाई आली. तिच्या ओच्यात चार सीताफळं होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, तोंडात माती घालील. मी पुढे झाले. आईनं मला हातानं मागे सारलं. तिलाही तेच वाटलं असणार. आणि खरं सांगते, तिला ते हवं होतं.

हौसाबाईनं सीताफळं पायरीवर ठेवली आणि वाकून आईच्या पायाला हात लावला.

"बाई, माफी करा मला. माज्यापायी तुमाला कोर्टाची पायरी चढाया लागली."

"हौसा, ऊठ."

"न्हाई बाई. मी उगा त्या पोराच्या नावानं बोटं मोडत हुते. माज्या मनात यायचं, माजा मानूस पीत न्हवता, ह्या झोकांड्या कशाच्या म्हनत्यात. पर तुमी सांगितलं मंजी खरंच. तुमी काय खोटं बोलनार हाय? चोरून पीत आसंल मेला. पंधरा वरसं मला पत्त्या लागू दिला न्हाई."

"हौसा, ऐक—"

"लई सोन्यासारका वाटायचा वो मला. आता त्याची सय काडून रडायबी येत न्हाई. राग येतो नुसता."

ती डोळे न पुसताच निघून गेली. आई पायरीवर खाली बसली. घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी ती उठली नाही. तिनं माझा हात धरला.

"मी जाऊन सांगते तिला. आत्ता जाते."

"आई! लग्न पंधरा दिवसांवर आलंय."

"मी त्याला मारून टाकलं, सलू. वसंतानं एकदा मारलं, मी परत मारलं."

"लग्न होऊ दे. मग सांग. मी नाही म्हणणार नाही."

लग्न झालं. देवळात जागा पुरली नाही. लोंढे पाळकांनी वधूच्या मातेच्या थोर चारित्र्याबद्दल दहा मिनिटं सांगितलं. आई मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं, मुलगी सासरी जाते म्हणून.

निघताना ती माझ्या कानात म्हणाली, "आता सांगू?"

"बाळंत होऊ दे मला," मी म्हणाले. "वसंताला कळलं, घरात भांडण झालं, तर माझ्यावर काय येईल? या दिवसांत?"

तिनं मान हलवली. या दिवसांत म्हटल्यावर ती काय बोलणार?

वसंताची नेमणूक धुळ्याला झाली होती. आम्ही तिथं बिऱ्हाड थाटलं. आईची पत्रं आठवड्याला येत. जड उचलू नकोस. रात्रीचा भात खाऊ नकोस. डोहाळे कसले लागलेत ते लिही. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली आहेत. शाळेत रजेचा अर्ज दिला आहे.

आता सांगते. मला दिवस गेले नव्हते. लग्नाआधी वसंताचा हातही मी धरला नव्हता. त्या रविवारी खाटेवर पडून मी तासभर विचार केला तो एवढाच, की माझी आई कशापुढे वाकेल. ती मला खोटं ठरवणार नाही याची मला खात्री होती. जन्मभर जिनं खरं सांगितलं तिला आपलं लेकरू खोटं सांगेल असं वाटलंच नसतं. ते तिच्या कल्पनेतच नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये मी अंतर्देशीय पत्र घेतलं आणि लिहिलं, 'आई, जास्त लिहवत नाही. राहिलं नाही. देवाची इच्छा.' खाली आणखी लिहिलं, 'इकडे कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा तू काही बोलू नकोस.'

चौथ्या दिवशी आई दारात उभी. एस.टी.त आठ तास बसून आली होती. हातात पिशवी, पिशवीत हळिवाचे लाडू आणि शेकायचा ओवा. वसंत साइटवर गेलेला. तिनं मला पोटाशी घेतलं. मग मला खाटेवर निजवलं आणि आठ दिवस खाली पाय ठेवू दिला नाही. चांगली धडधाकट मी पडून असायचे, आणि ती चोपन्न वर्षांची बाई नळावरून बादल्या आणायची, माझी पाठ शेकायची, मला चमच्यानं पेज भरवायची. वसंताला सांगितलं, अशक्तपणा आलाय.

पाचव्या का सहाव्या दिवशी दुपारी ती माझ्या पायाला तेल लावत होती. एकदम म्हणाली, "सलू, हे माझ्यामुळे झालं."

"काय?"

"माझ्या जिभेनं खाल्लं गं तुझं लेकरू. मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलले. त्या लेकरासाठीच बोलले. देवानं तेच नेलं."

तिचे हात थांबले नव्हते. तेल लावता लावता ती हे बोलत होती.

तेव्हा मला सांगता आलं असतं. एक वाक्य. तिला माझा राग आला असता. ती उठून गेली असती, कदाचित पुन्हा माझ्या दारात आली नसती. पण ते ओझं तरी तिच्यावरून उतरलं असतं. मी म्हणाले, "असं बोलू नकोस, आई," आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं, मी रडते आहे. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परत गेल्यावर ती पहिली हौसाबाईच्या झोपडीवर गेली. आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं. झोपडीला ताटी लावलेली. शेजारी म्हणाले, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली, कोल्हापूरकडं. आई दर मे महिन्यात टोळ्या परत यायच्या तेव्हा चौकशी करायची. एका वर्षी कुणीतरी म्हणालं, तिकडंच राहिली. एका वर्षी कुणी म्हणालं, वारली. नक्की काही कळलं नाही. मग आईनं लोंढे पाळकांना जाऊन सगळं सांगितलं, असं मला फार उशिरा कळलं. पाळक म्हणाले, "बाई, झालं ते झालं. देव क्षमाशील आहे. उगाच आता मंडळीत वाच्यता नको."

धुळ्याहून परतली त्या वर्षापासून आईनं प्रभुभोजन घेतलं नाही. उपासनेला ती जायची, आपल्या जागेवर बसायची, आणि भाकरीचं ताट तिच्यापाशी आलं की दोन्ही हातांनी उचलून शेजारणीकडे द्यायची. रविवारची मुलांची शब्बाथ शाळा शिकवणं तिनं सोडलं. बाजारातले तंटे घेऊन लोक आले की दार लावून घ्यायची. मंडळीत म्हणत, ओहोळबाई किती नम्र! एवढी पवित्र बाई, तरी स्वतःला योग्य समजत नाही. तरुण मुलींना तिचं उदाहरण द्यायचे. माझ्या देखत द्यायचे.

वसंत वाईट नवरा नव्हता. व्यसन नव्हतं, हात उगारला नाही. एकदाच, लग्नाला दहा वर्षं झाल्यावर, मी त्याला विचारलं, "तू उतरून पाहिलं होतंस ना?" तो वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, "गेलेलाच होता तो." मी म्हणाले नाही, की त्यानं हात वर केला होता. तो पुढचं पान वाचू लागला. आम्ही पुन्हा त्या विषयावर बोललो नाही.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मला मुलगी झाली, मर्सी. बाळंतपणाला आई होती. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या, "पहिलीच ना?" मी 'हो' म्हणायच्या आत आई हळूच म्हणायची, "दुसरी." बायका चुकचुकायच्या. मी मर्सीला पदराखाली घ्यायचे.

शेवटची चार वर्षं आई आमच्याकडेच होती, नगरला. वसंताची तोवर तिथं बदली झाली होती. त्याला हाक मारताना आई 'वसंतराव' म्हणायची, बसायला पाट द्यायची, पण त्याच्या ताटात तिनं कधी वाढलं नाही. त्याच्या ते लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं होतं.

ती गेली त्या सकाळी खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. नवे पाळक आदल्या दिवशी घरी प्रभुभोजन द्यायला आले होते आणि तिनं मान फिरवली होती. मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. श्वास लागला होता, पण शुद्ध चांगली होती.

"सलू."

"काय आई?"

"मी रोज नाव घेते त्याचं. तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. मी त्याचं नाव ठेवलंय."

"कुणाचं?"

"आपल्या थोरल्याचं. धुळ्याच्या. मला मुलगाच वाटला. अभय ठेवलंय." ती दम घ्यायला थांबली. "पंचवीस वर्षांचा झाला असता. तिकडे गेले की आधी त्याला शोधीन. मग भागुजीला. दोघांच्या पाया पडेन."

मी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं.

"ते दोघं काय म्हणतील देव जाणे," ती म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला कळेना. "पण तू सांग. तुझं लेकरू गेलं माझ्यामुळे. तू एवढी वर्षं एक शब्द बोलली नाहीस. तू तरी मला क्षमा केलीस का गं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मर्सी ड्युटीवर होती, वसंत अंगणात झाडांना पाणी घालत होता.

"केली, आई," मी म्हणाले.